पाच माणसांची नोंद

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. राहते आकुर्डीला, वडिलांच्या घरात. शाळा मात्र चाकणच्या अलीकडे, कंपन्यांच्या मागच्या अंगाला असलेल्या एका गावात. रोज सकाळी स्कूटर काढायची, तळवड्यापुढे नदी ओलांडायची, कंटेनरच्या रांगांतून वाट काढत परिपाठाच्या आधी शाळेत पोचायचं, असं अकरा वर्षं चाललंय. शिकवण्याखेरीज आम्हाला मोजायची कामं असतात. घरं मोजायची, मतदार मोजायचे, शाळेत न जाणारी मुलं मोजायची, कोणाच्या घरात पंखा आहे आणि कोणाच्या नाही तेही मोजायचं. लोक म्हणतात, सरकारी आकडे खोटे असतात. वर काय होतं ते मला माहीत नाही. पण एका आकड्याबद्दल मी खात्रीने बोलू शकते, कारण तो मी स्वतः भरला.

त्या वर्षी थंडीत कुटुंबांचं एक सर्वेक्षण निघालं. मोबाइलमध्ये अ‍ॅप, गळ्यात ओळखपत्र आणि प्रत्येकीला वाटून दिलेली घरं. माझ्या वाट्याला गावातल्या एका जुन्या शेतकरी कुटुंबाचं आवार आलं. त्यांची बरीचशी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या होत्या. चार ओळी, वर पत्रे, मधून उघडं गटार, टोकाला शौचालयं आणि त्यांच्याजवळच बोअर. मालक साठी ओलांडलेले. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं, मीही म्हणायची. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या कुंपणासाठी त्यांनीच जागा सोडली होती आणि पंधरा ऑगस्टला मुलांना खाऊ त्यांच्याकडून यायचा.

मी गेले तो मंगळवार होता. पहिल्या शिफ्टची माणसं कामावर गेलेली, रात्रपाळीची आतून कडी लावून झोपलेली. ओळीच्या ओळी बंद दारं. एकच दार उघडं दिसलं. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीची आई धुणं पिळत बसली होती. हिंगोलीकडची. मला बघून तिने हात पदराला पुसले आणि बसायला स्टूल दिलं.

"म्याडम, आमचं बी लिवून घेता का?"

"घेते ना. त्यासाठीच आलेय."

"नाव लागलं म्हंजे राशन भेटतंय का?"

ते या सर्वेक्षणात नाही, असं मी तिला सांगितलं. पण तिला ते ऐकायचं नव्हतं. सासरच्या रेशनकार्डावरून तिची आणि नवऱ्याची नावं दिराने कमी करून घेतली होती. इथलं कार्ड काढायला गेली तेव्हा खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, इष्टांक शिल्लक नाही. इष्टांक म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं याची वरून ठरून आलेली मर्यादा. ती ठरली मागच्या जनगणनेवर, आणि ती जनगणना झाली तेव्हा या आवारात ज्वारी होती. हे मी तिला समजावून सांगितलं. ती मान हलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मंग आता तर मोजायलेत ना तुम्ही?"

मी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिने घरातल्या तिघांची नावं एकेक अक्षर सावकाश सांगितली आणि मी बरोबर टाइप करतेय का ते वाकून पाहिलं. घर पक्कं? भिंती सिमेंटच्या, म्हणजे पक्कं. वीज? आहे. शौचालय? चाळीस खोल्यांत चार, पण आहे. दुचाकी? नवऱ्याची जुनी. मोबाइल? आहे. फ्रिज?

फ्रिज होता. कोणीतरी खोली सोडताना टाकून गेलेला, कधीच बंद पडलेला. उंदरांपासून वाचावं म्हणून त्यात तिने पीठ आणि मुलीची वह्यापुस्तकं ठेवली होती.

"बंद हाय म्हणून लिवा की."

"तसं लिहिता येत नाही. आहे किंवा नाही, दोनच आहेत."

"मंग हायच म्हणा," ती हसून म्हणाली. मीही हसले आणि 'आहे'वर बोट ठेवलं. सगळं भरून झाल्यावर मी पाहिलं तर त्या माहितीवरून हे कुटुंब बऱ्यापैकी सुस्थितीत होतं. ती महिनोन्महिने कंत्राटावर पॅकिंगचं काम करायची आणि कंत्राट संपलं की घरी बसायची, यासाठी त्या अ‍ॅपमध्ये जागाच नव्हती.

तेवढ्यात दादा आले. त्यांनी मला बाजूला, गटाराच्या पलीकडे नेलं.

"बाई, काय ल्हिताय हितं?"

"सर्वेक्षण आहे दादा. खोल्यांमधल्या सगळ्यांची नोंद करायचीय."

"आमी पाच जण हाय. पाच ल्ह्या. ही कंपनीची मानसं, आज हायती, उद्या न्हाईत. त्यांचं काय ल्हायचं?"

"पण राहतात ना दादा इथे?"

"बाई, या खोल्या कागदावर न्हाईत. तुमी चाळीस बिऱ्हाडं दावली तर उद्या नोटीस यील. जिमीन गेली, आता खोल्या बी घालवू का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट ते जवळजवळ विनवत होते. "तुमाला कदी न्हाई म्हनलोय का मी?"

मी तालुक्याच्या पर्यवेक्षकांना फोन लावला. खोल्यांना घरक्रमांक नाहीत आणि बहुतेक दारं बंद आहेत, काय करू? ते गाडीत होते. म्हणाले, "बंद घरं फार दाखवू नका मॅडम, वरून विचारणा होते. क्रमांक नाही तर मालकाच्या क्रमांकावर टाका. उद्यापर्यंत तुमचा भाग शंभर टक्के दिसला पाहिजे."

मालकाच्या क्रमांकावर एकच कुटुंब बसत होतं. मी दादांच्या घरातली पाच नावं भरली आणि त्या बाईची नोंद उघडली. नोंद रद्द करायची का, असं मोबाइलने विचारलं. मी हो म्हटलं. एवढंच. चहासुद्धा दादांकडेच घेतला. निघताना ती दारात उभी होती.

"झालं का म्याडम आमचं?"

"झालं," मी म्हटलं.

त्यानंतर काही दिवसांनी घरी टीव्हीवर गरिबी किती घटली याची चर्चा चालली होती. दोघेजण आकडे खरे म्हणत होते, दोघे खोटे. माझे वडील एका कंपनीतून क्वालिटी खात्यात निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी गेज लावून पार्टांची मापं तपासली. ते म्हणाले, "हे लोक उगाच भांडतायत. गेज घासलेलं असलं तर आकडा छान येतो आणि पार्ट मात्र बसत नाही. आधी जाऊन गेज बघा ना." मी भाजी निवडत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात गावात काविळीचे रुग्ण सापडले. आरोग्य पथक आलं, पाण्याचे नमुने घेतले, घराघरांत क्लोरीनच्या थेंबांच्या बाटल्या वाटल्या. ग्रामपंचायतीने त्यांना दिलेली यादी आमच्याच सर्वेक्षणावरून केलेली होती. त्या आवारात पाच माणसांचं एक कुटुंब, म्हणून एक बाटली. गावच्या आशाताईंनी मला हे सांगितलं. त्या एकट्याच होत्या, कारण कागदावरच्या लोकसंख्येला एक आशासेविका पुरत होती. मी त्यांना म्हटलं, खोल्यांमधल्यांचं काय? त्या म्हणाल्या, "बाई, मी माझ्या पदरच्या चार बाटल्या नेऊन दिल्या. बोअरला पुरतात का त्या?"

बोअरमध्ये शौचालयाच्या खड्ड्याचं पाणी उतरत होतं, हे नंतर कळलं. दादांच्या घरी प्यायला विकतचे जार येत.

ती मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आली आणि डबा न उघडता बसून राहिली. मी जवळ बोलावून विचारलं.

"बाई, आई उठतच नाही. तिचे डोळे हळदीसारखे झालेत."

मधल्या सुट्टीत मी गेले. ती सात महिन्यांची गरोदर आहे, हे मला तेव्हा कळलं. तिचं नाव कोणत्याच यादीत लागलेलं नव्हतं, तिला लोहाची एक गोळीसुद्धा मिळालेली नव्हती. नवरा कामावर. खाडा झाला तर ठेकेदार दुसरा माणूस घेतो, म्हणून गेला होता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाक मारली की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. मी आणि शेजारच्या बाईने तिला रिक्षात घातलं. चाकणच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटून पाहिली, पोटावर हात ठेवला आणि लगेच रुग्णवाहिका मागवली. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, वेळ घालवू नका. नवऱ्याला मी फोनवर तिकडेच यायला सांगितलं.

रस्त्यावर नेहमीसारखी वाहनं तुंबलेली होती. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता आणि पुढचे ट्रक जागचे हलत नव्हते, त्यांना हलायला जागाच नव्हती. तिचा हात माझ्या हातात होता, तापलेला. मध्येच ती एकदम शुद्धीवर आल्यासारखी झाली.

"म्याडम, तुम्ही लिवून घेतलं व्हतं आमचं. त्याचं कार्ड आलं का?"

"येईल," मी म्हटलं.

"पोरीचं नाव बराबर हाय ना त्यात?"

"बरोबर आहे."

मग ती काहीबाही बोलू लागली. गावाकडच्या विहिरीचं, कोणा बहिणीचं. भोसरीपर्यंत पोचलो तोवर तेही थांबलं.

दवाखान्यात त्यांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मुलांना वजाबाकी देत होते तेव्हा नवऱ्याचा फोन आला. आधी पोटातलं गेलं आणि तासाभराने ती. मुलगी माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसली होती. ती पाटीवर उत्तर काढत होती. मी फोन ठेवला आणि तिचं उत्तर तपासलं. ते बरोबर होतं.

बरोबर आकडा भरला असता तर ती वाचली असती का, मला माहीत नाही. कदाचित बाटल्या जास्त आल्या असत्या आणि तरी पाणी तसंच राहिलं असतं. कदाचित कोणीतरी विचारलं असतं की एका बोअरवर इतकी माणसं कशी. मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघते. कुठल्याच बाजूने सुटका होत नाही.

मृत्यू पिंपरीत नोंदवला गेला. आधारकार्डावरचा पत्ता हिंगोलीचा, म्हणून दाखल्यावर तो लागला. महिन्याभराने गावाच्या ग्रुपवर साथीचा अहवाल आला. त्यात रुग्ण मोजके होते, सगळे गावातल्या घरांतले. मृत्यूच्या रकान्यात शून्य होतं. अहवाल खोटा म्हणावा तर त्यात एकही गोष्ट कोणी बनवून लिहिलेली नव्हती. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. मी मोबाइल उलटा ठेवला.

त्या आठवड्यात मी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नोंदीवर सही कोणाची?"

"माझी."

ते उठून गॅलरीत गेले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते. तशा एका गुरुवारी मी रजा टाकली आणि वही घेऊन त्या आवारात गेले. मला कोणी सांगितलं नव्हतं. दार वाजवायचं, किती माणसं राहता विचारायचं आणि लिहायचं, एवढंच ठरवलं होतं. काहींनी नावं सांगितली. काहींनी दारच उघडलं नाही. तिसऱ्या ओळीत एक तरुण दारात आला. त्याच्या मागे गॅसवर भात शिजत होता आणि भिंतीला टेकून तिघं झोपले होते. मी विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, हम लोग यहाँ नहीं रहते।"

"मग हे कोण आहेत?"

"कोई नहीं है मॅडम। मालिक ने बोला है, कोई पूछे तो बोलना नहीं रहते।"

मी त्या खोलीसाठी चार लिहिले. शेवटी बेरीज एकशे सव्वीस झाली, आणि न उघडलेली दारं वेगळी. दादा ओट्यावर बसून सगळं बघत होते. मी जवळून जाताना म्हणाले, "बाई, म्या काय मुद्दाम क्येलं का?" त्यांनी तिचा देह गावी न्यायला गाडीची व्यवस्था केली होती, नवी बोअर घेतली होती, आणि ते नीट जेवत नव्हते, हे त्यांच्या घरच्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. तोंडातून आलं ते असं, "मीही मुद्दाम केलं नाही, दादा." आणि ते म्हणताना मला कळलं की हे खरं नाही. बोट माझं होतं.

वही घेऊन मी तालुक्याला गेले. पर्यवेक्षकांनी खुर्ची दिली, वही चाळली.

"मॅडम, हे आता कुठे घेऊ मी? अ‍ॅप बंद झालंय. आकडा वर गेलाय."

"मग वर कळवा. माझा भाग चुकलाय."

"लेखी द्याल? की तुम्ही खोटी माहिती भरलीत?"

"तुम्हीच सांगितलं होतं मालकाच्या क्रमांकावर टाका."

"मी बंद घरांबद्दल बोललो होतो," ते म्हणाले. मग दार बंद आहे ना ते पाहून, आवाज खाली आणून बोलले. "हे बघा, तुमची नोकरी अजून वीस वर्षं आहे. तुमचा एक आकडा बदलला तर शेजारच्या गावाचा कोण बदलणार? सगळीकडे खोल्या आहेत. सगळ्यांनी असंच भरलंय. मला काय ठाऊक नाही का?"

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. पेन ठेवलं. मी तारीख लिहिली, विषय लिहिला आणि थांबले. वडिलांची औषधं, घरातला एकच पगार, चौकशी, निलंबन, सगळं डोळ्यांपुढे आलं. मग कागदाची घडी घालून वहीत ठेवली आणि निघाले. त्यांनी मला थांबवलं नाही. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलीचा बाप शाळेचा दाखला न्यायला आला. तो मुलीला आजीकडे, हिंगोलीला ठेवणार होता आणि स्वतः इकडे कुठेतरी चार पोरांत राहणार होता. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात मी 'पालकांचे स्थलांतर' लिहिलं. तेच लिहायची पद्धत आहे. तो म्हणाला, "म्याडम, आम्ही इथं चार वर्सं राहिलो असं एखाद्या कागदावर लिवून देता येतंय का? ठेकेदार म्हणायलाय, राहत्या पत्त्याचा पुरावा आण, मंग मदतीचं बघू." मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, शाळेला तसा अधिकार नाही, बोनाफाईडवर पत्ता येतो तेवढाच. मी बोनाफाईड करून दिलं. त्याने ते दाखल्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. मुलगी वर्गाच्या दारात उभी होती. बाकीच्या मुली तिला टाटा करत होत्या. ती करत नव्हती. त्या कागदाचा त्याला काही उपयोग झाला नाही, हे मला नंतर त्याच्याकडूनच कळलं.

मागच्या आठवड्यात शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचा आदेश आला. दरवर्षी येतो आणि दरवर्षी आमच्या गावातून शून्य जातं. यादी करताना मला ती मुलगी आठवली. बापाकडून आजीचा नंबर घेतला आणि फोन लावला. सकाळचे अकरा वाजले होते. फोन तिनेच उचलला.

"बाई?"

"हो. कशी आहेस? आज शाळा नाही?"

"मी नाही जात."

"का गं? दाखला दिला होता ना बाबांकडे?"

"आजीला दिसत नाही नीट. शेळ्या कोण बघणार?"

"शाळेतून कोणी विचारायला आलं नाही का घरी?"

"आले होते एक सर. आजीने सांगितलं, पोरगी तिकडं पुण्याला शाळेत हाय."

"मग सर काय म्हणाले?"

"त्यांनी लिहून घेतलं आणि गेले."

मी तिला म्हटलं, मी त्या सरांशी बोलते, मला शाळेचं नाव सांग. तिने सांगितलं, पण तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं. "बाई, ठेवते, शेळ्या रानात शिरल्या," असं म्हणून तिने फोन बंद केला. त्या शाळेत मी दोनदा फोन केला. सर चांगले बोलले. चौकशी करतो म्हणाले. काल आमच्या केंद्रावर सगळ्या गावांचे आकडे एकत्र केले. माझ्या गावापुढे मी शून्य लिहिलं. ती माझ्या गावात राहत नाही, त्यामुळे ते बरोबर आहे.